हाइड पार्कातली शाळा आणि तिच्या कुंपणाबाहेर गेलेलं बरंच काही

शिकागोत मराठी माणसं जमली आणि त्यात शाळेत जाणाऱ्या मुलांचे आईबाप असले की ताटं वाढायच्या आत विषय शाळांवर येतोच. कुठल्या सबर्बात घर घेतलं की कुठलं हायस्कूल मिळतं, निवडक सरकारी शाळांच्या प्रवेशाची, म्हणजे सिलेक्टिव्ह एनरोलमेंटची परीक्षा कधी, कोणाचा मुलगा कुठे लागला, आणि मग कोणीतरी माझ्याकडे वळून म्हणतंच, "तुम्ही तर हाइड पार्कात राहता, लॅब तुमच्या दाराशी आहे, मुलीचा फॉर्म भरला की नाही?" लॅब म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो लॅबोरेटरी स्कूल्स. नाव ऐकून परीक्षानळ्या डोळ्यासमोर येतात पण ही नर्सरीपासून बारावीपर्यंतची पूर्ण शाळा आहे, खासगी, साधारण दोन हजार मुलांची, आणि तिचं हायस्कूल, ज्याला सगळे यू-हाय म्हणतात, ते अमेरिकेतल्या नावाजलेल्या कॉलेज-प्रेप, म्हणजे कॉलेजप्रवेशाची तयारी करून घेणाऱ्या शाळांमध्ये गणलं जातं. ओबामांच्या दोन्ही मुली व्हाइट हाऊसला जाईपर्यंत इथेच होत्या. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे माजी न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स इथलेच. हायस्कूलची वर्षाची फी ४० हजार डॉलरच्या वर आहे, युनिव्हर्सिटीत काम करणाऱ्यांच्या मुलांना त्यात मोठी सवलत मिळते, बाकीच्यांपैकी काहींना आर्थिक मदत मिळते, आणि उरलेल्यांनी पूर्ण भरायची.

मला या शाळेबद्दल जे वाटतं ते पार्टीत दोन वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

बीएडला असताना आमच्या शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात जॉन ड्युई या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञावर जेमतेम एक पान होतं. कृतीतून शिक्षण, अनुभवातून शिक्षण, लोकशाही आणि शिक्षण, तीन मुद्दे पाठ करायचे आणि परीक्षेत टीप लिहायची, आणि गंमत म्हणजे कृतीतून शिकावं हे आम्ही फळ्यावरून उतरवून घेऊन शिकलो. पुढे नवऱ्याच्या कामामुळे इथे आलो, भाड्याचं घर मिळालं, आणि एक दिवस लक्षात आलं की त्या एका पानातला माणूस ज्या शाळेमुळे जगाला माहीत झाला ती शाळा माझ्या भाजीच्या रस्त्यावर आहे. ५९व्या रस्त्यावर, मिडवेच्या हिरव्या पट्ट्यासमोर, दगडी गॉथिक इमारती. त्याच मिडवेवर १८९३च्या जागतिक प्रदर्शनात जगातलं पहिलं फेरिस व्हील उभं होतं. समोरची ब्लेन हॉल १९०३ची. पण ड्युईनी शाळा सुरू केली तेव्हा यातलं काहीही नव्हतं. जानेवारी १८९६मध्ये एका साध्या घरात १६ मुलं आणि दोन शिक्षक एवढ्यावर ती सुरू झाली, आणि पैशाची ओढाताण पहिल्या वर्षापासून होती, पालक आणि ओळखीपाळखीचे लोक देणग्या देत होते म्हणून ती चालली.

ड्युईंचा मुद्दा असा होता की युनिव्हर्सिटीत फिजिक्सला प्रयोगशाळा लागते, केमिस्ट्रीला लागते, मग शिक्षणशास्त्राला का नको? नुसत्या लेक्चरमध्ये मूल कसं शिकतं हे कळणार कसं? म्हणून शाळेलाच प्रयोगशाळा म्हणायचं, म्हणजे मुलांवर प्रयोग करायचे असं नाही तर शिकवणाऱ्यांनी आपल्या कल्पना तिथे तपासून बघायच्या आणि चुकल्या तर सोडून द्यायच्या. पालकांसमोर त्यांनी जी व्याख्यानं दिली ती १८९९मध्ये छापली गेली आणि त्यात त्यांनी एक किस्सा सांगितलाय जो मला फार महत्त्वाचा वाटतो. शाळेसाठी ते बाकं शोधायला शहरातल्या दुकानांत फिरत होते, मनासारखं मिळेना, शेवटी एक दुकानदार, जरा जास्त समजदार असावा, म्हणाला की तुम्हाला हवंय ते मिळणार नाही, तुम्हाला मुलं ज्यावर काम करतील असं काहीतरी पाहिजे आणि ही सगळी ऐकण्यासाठी केलेली आहेत. १२५ वर्षं होऊन गेली या गोष्टीला. ज्या शाळेत मी नोकरीची पहिली दोन वर्षं काढली तिथे एका बाकावर चार पोरं दाटीवाटीने बसायची, वही ठेवली की कोपर ठेवायला जागा नाही, त्यावर कोणी कशाचा तुकडा कापेल, जोडेल, मोजेल असा विचारही कोणाच्या डोक्यात नव्हता. बाक बघितलं की कळतं शाळेला मुलाकडून काय हवंय ते.

मग मुलं तिथे करायची काय? स्वयंपाक, शिवण, सुतारकाम. आणि हे सगळ्यांनी, मुलगे वेगळे मुली वेगळ्या असं नाही. धान्य मोजायचं, शिजवायचं, टेबल लावायचं, एकत्र जेवायचं, आणि त्याच्यातूनच वजनमापं, केमिस्ट्री, भूगोल. मोठ्या मुलांनी तर आपल्या क्लबसाठी स्वतः एक छोटं घर बांधलं. हे ऐकायला छान वाटतं पण कार्यानुभवाचा तास म्हणून आपण सगळ्यांनीच असलं काहीतरी केलेलं असतं, कागदाची फुलं वगैरे, त्यामुळे मला आधी त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. माझं मत बदललं ते कापसाने.

मी यवतमाळकडची. आमच्याकडे कापूस हा अभ्यासाचा विषय नाही, तो घरात असतो, दिवाळीनंतर ओसरीत छतापर्यंत रचलेला, त्यावर उड्या मारून मार खाल्लेला, आजी संध्याकाळी सरकी काढून वाती वळत बसलेली. ड्युईनी सांगितलंय की त्यांच्या शाळेतल्या मुलांना कच्ची लोकर, कापसाची बोंडं, जवसाचा धागा असं सगळं हातात दिलं आणि विचारलं की माणसाने लोकरीचे कपडे आधी आणि सुती नंतर का वापरले असतील. मुलं बोंडातून आणि सरकीपासून कापूस सुटा करायला बसली. अर्ध्या तासात निघाला एक औंसाच्याही आत, म्हणजे २८ ग्रॅमही नाही! मग त्यांच्याच लक्षात आलं की एक माणूस दिवसभर बसला तरी किती थोडा कापूस निघेल, आणि म्हणून आपल्या पूर्वजांनी लोकर घातली. मग धागे शेजारी शेजारी ठेवून बघितले, कापसाचा तंतू आखूड आणि गुळगुळीत, लोकरीचा लांब आणि खरबरीत म्हणून एकमेकांना धरून राहतो, कातायला सोपा. तिथून पिंजणं, तिथून चाती, तिथून माग, आणि तिथून सरकी काढायचं यंत्र आल्यावर अमेरिकेत काय उलथापालथ झाली तो इतिहास.

हे वाचलं आणि मी खरंच पुस्तक मिटून बसले, कारण तो अर्धा तास माझ्या बोटांना माहीत होता. आजीजवळ बसून मी सरकी काढलेली आहे, नखात रुतते ती, कापूस तिला सोडत नाही. पण मला कोणीही, शाळेत तर नाहीच, विचारलं नाही की हे एवढं चिवट काम हाताने करायचं तर पूर्वी लोकांनी कसं केलं असेल, जिनिंग आलं तेव्हा काय बदललं, १८६१मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि तिकडचा कापूस थांबला तेव्हा आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला एकदम सोन्याचा भाव का आला, रेल्वे खामगावला, अमरावतीला का आली. हे सगळं मी दहावीत वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळं पाठ केलं, अमेरिकन यादवी इतिहासात, काळी माती भूगोलात, तंतू विज्ञानात, आणि ओसरीतला कापूस घरी. शिकागोतल्या प्रोफेसरांच्या मुलांनी, ज्यांनी कापसाचं झाड बघितलेलंही नसेल, त्यांनी ते एकत्र शिकलं. वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना ते कोणी एकत्र करून दिलं नाही. याचं मला वाईट वाटतं, अजूनही वाटतं.

प्रोफेसरांची मुलं हे मी मुद्दाम लिहिलं. ड्युईंच्या शाळेत पहिल्यापासून बहुतेक मुलं शिकल्यासवरल्या, बऱ्या घरातली होती. पुष्कळ लोक हळहळतात की बघा, लोकशाहीसाठी काढलेली शाळा आणि आज श्रीमंतांची झाली. पण ती गरिबांची कधीच नव्हती. त्याच काळात शहराच्या वेस्ट साइडला जेन ॲडम्सचं हल हाऊस हे समाजसेवा केंद्र होतं, १८८९पासून, इटलीहून, पोलंडहून, रशियातून आलेल्या कामगारांच्या वस्तीत, आणि ड्युई तिथे नेहमी जायचे, बोलायचे, शिकायचे. दोन्ही जागा एकाच शहरात काही मैलांवर. म्हणजे प्रश्न त्यांना दिसत होता. शाळेत सापडलेलं बाहेर सगळीकडे जावं अशीच त्यांची अपेक्षा होती. पण पुढे १९०१ ते १९०४ मध्ये ड्युईंच्या शाळेचं युनिव्हर्सिटीकडच्या दुसऱ्या शाळांशी विलीनीकरण झालं, ड्युईंच्या पत्नी ॲलिस मुख्याध्यापिका होत्या त्यांच्या नेमणुकीवरून युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट हार्पर यांच्याशी बिनसलं, आणि १९०४मध्ये दोघंही राजीनामा देऊन गेले, ड्युई न्यूयॉर्कला कोलंबिया युनिव्हर्सिटीत. जगभर ज्या प्रयोगाचं नाव घेतात तो त्यांच्या हाताखाली फक्त साडेआठ वर्षं चालला.

आता आजचं. आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक मुलगी राहते, यू-हायला बारावीत, तिची आई युनिव्हर्सिटीत नोकरीला आहे. जिन्यात भेटते, कधी आमच्या मुलीला सांभाळायला येते, तेव्हा आम्ही बोलतो. कॉलेज-प्रेप म्हणजे नक्की काय ते मला तिच्याकडून कळलं. आपल्याकडे ॲडमिशन म्हणजे मार्क आणि मेरिट लिस्ट, इथे मार्क, टेस्ट, शिक्षकांची पत्रं, तुम्ही शाळेबाहेर काय करता ते, आणि ६५० शब्दांचा निबंध. लवकर आणि बंधनकारक अर्ज करायचा तर नोव्हेंबर, बाकीचे जानेवारीच्या सुरुवातीला, निकाल मार्चअखेर, आणि या सगळ्यात शाळेचा कौन्सेलर, म्हणजे मुलांना मार्गदर्शन करणारा माणूस, मुलाला ओळखतो की नाही यावर पुष्कळ काही ठरतं. स्कूल कौन्सेलरांच्या संघटनेची शिफारस आहे की २५० मुलांमागे एक असावा, अनेक सरकारी शाळांत त्याहून कितीतरी जास्त मुलं एकाच्या वाट्याला येतात, आणि खासगी प्रेप शाळांत कौन्सेलर मुलाशी तास तास बसू शकतो. फीमधला मोठा भाग मला वाटतं या वेळेचा आहे. कोणाकडे तरी तुमच्यासाठी वेळ असणं.

तिने निबंधाचा पहिला खर्डा मला दाखवला होता. उन्हाळ्यात केलेल्या समाजसेवेवर, गुळगुळीत, कोणाचाही असू शकेल असा. मग काही आठवड्यांनी दुसरा दाखवला. तो तिच्या आजीच्या लाँड्रोमॅटवर, म्हणजे कपडे धुण्याच्या दुकानावर होता. साउथ साइडला आजीचं दुकान आहे, ही दर शनिवारी तिथे जाऊन गिऱ्हाइकांचे कपडे घड्या घालते, आणि तिने लिहिलं होतं की फिटेड चादरीची घडी कशी घालायची, चारी कोपरे एकमेकांत कसे खोचायचे, आणि घड्या घालताना कुठल्या घरात बाळ आलं, कुठल्या घरातला माणूस गेला हे कपड्यांवरून कसं कळतं. मी विचारलं हे सुचलं कसं, तर म्हणाली कौन्सेलरनी फक्त विचारलं की तू शनिवारी काय करतेस. बस एवढंच. मुलाच्या हाताला जे येतं तिथून सुरुवात करा हे ड्युईंचं म्हणणं इतक्या वर्षांनी अशा कुठल्यातरी प्रश्नात जिवंत असतं. अर्थात ती हेही म्हणाली की नोव्हेंबरात वर्गात कोणी कुठे अर्ज केला यापलीकडे दुसरं बोलणं नसतं, झोप नसते, आणि तिला स्वतःला सुतारकाम आवडतं पण या वर्षी त्याला वेळ मिळाला नाही. हे ऐकून मला गलबलून आलं. सगळ्याच प्रेप शाळांचं हे दुखणं आहे, शिकणं चांगलं असतं आणि तरी शेवटच्या दोन वर्षांत ते कुठल्यातरी पुढच्या दारासाठी राखून ठेवावं लागतं.

माझा भाचा आपल्याकडे नुकताच बारावी झाला. कॉलेज नावाला, सगळं कोचिंग क्लासला, दोघांचं टाय-अप, प्रॅक्टिकलची जर्नल एका रात्रीत उतरवून काढलेली, टायट्रेशन त्याने प्रत्यक्षात कधी केलंच नाही. मुलगा हुशार आहे, गुणी आहे. दोन वर्षांत त्याला एकाही मोठ्या माणसाने तू शनिवारी काय करतोस असं विचारलं नसेल, आणि विचारलं असतं तरी उत्तर टेस्ट सिरीज असंच आलं असतं.

तर लॅबमध्ये पोराला घातलं की झालं का? माझं म्हणणं वेगळं आहे. या शाळेतलं सगळ्यात मोलाचं जे होतं ते कुंपणाबाहेर गेलं आणि मला तीच माणसं जास्त जवळची वाटतात. एला फ्लॅग यंग. ड्युईंच्या बरोबर शाळेचं शिकवणं बघणाऱ्या, स्वतः शिकागोच्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षं शिक्षिका आणि मुख्याध्यापिका राहिलेल्या, आणि पुढे १९०९मध्ये अख्ख्या शिकागोच्या सरकारी शाळांच्या सुपरिंटेंडेंट झाल्या, अमेरिकेत एवढ्या मोठ्या शहराच्या शाळा चालवणाऱ्या पहिल्या बाई. शिक्षकांचं म्हणणं ऐकल्याशिवाय शाळा सुधारत नाही असं त्या सांगत राहिल्या. त्यांच्याबद्दल आमच्या बीएडच्या पुस्तकात एक ओळही नव्हती.

आणि दुसरे बाबासाहेब. ड्युईंची शाळा शिकागोत चालू होती त्याच वर्षांत, ७ नोव्हेंबर १९०० ला, साताऱ्याच्या हायस्कुलात भीमराव नावाच्या मुलाचं नाव दाखल झालं, आता तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या मुलाला शाळेत इतर मुलांमध्ये बसायची मुभा नव्हती. कोपऱ्यात गोणपाटावर बसायचं, ते गोणपाट शाळेचा नोकरही शिवणार नाही म्हणून रोज संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. नळाला हात लावायचा नाही, शिपायाने तोटी सोडली तर पाणी, शिपाई नसला तर पाणी नाही. एकीकडे शिकागोत मुलं एकत्र स्वयंपाक करून एका टेबलावर जेवतायत आणि शाळा म्हणजे एकत्र जगण्याचा सराव असं त्यांचे सर म्हणतायत, आणि त्याच वेळी साताऱ्यात हे. तेरा वर्षांनी, १९१३मध्ये, तो मुलगा कोलंबियाला पोचतो आणि ड्युईंच्या वर्गात बसतो. लोकशाही हा नुसता राज्यकारभाराचा प्रकार नाही, ती एकमेकांच्या अनुभवात वाटेकरी होऊन एकत्र जगायची रीत आहे, हा ड्युईंचा विचार बाबासाहेबांनी १९३६च्या जातिनिर्मूलनावरच्या भाषणात घेतला आणि ड्युई माझे शिक्षक, मी त्यांचा फार ऋणी आहे असं तिथे स्वच्छ लिहिलं. मला वाटतं त्या वर्गात या विचाराचं खरं वजन बाबासाहेबांइतकं कोणाला कळलं नसेल, कारण एकत्र न जगू देणारी शाळा त्यांनी अंगावर काढली होती. पुढे १९४५मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६मध्ये मुंबईचं सिद्धार्थ कॉलेज, १९५०मध्ये औरंगाबादचं मिलिंद. ५ जून १९५२ला कोलंबियाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली तेव्हा ते न्यूयॉर्कला आले होते, आणि ड्युई त्याच्या चारच दिवस आधी, १ जूनला गेले. भेट झाली नाही.

मला कोणी विचारलं की लॅबचा सगळ्यात मोठा विद्यार्थी कोण तर मी त्यांचं नाव घेईन, जे तिथे कधी शिकले नाहीत.

आमची मुलगी सरकारी शाळेत जाते. फी परवडत नाही हे एक कारण आहेच. शिकागोत १९८८च्या कायद्याने सरकारी शाळांना लोकल स्कूल कौन्सिल आली, त्यात सहा पालक, दोन वस्तीतले लोक, शिक्षक, मुख्याध्यापक, आणि ही कौन्सिल शाळेचं बजेट मंजूर करते, मुख्याध्यापकसुद्धा निवडते. निवडणुकीत मत द्यायला अमेरिकेचं नागरिक असावं लागत नाही. डिपेंडंट व्हिसावर आलेल्या, स्वतःच्या नावावर काही नसलेल्या बाईला या देशात पहिलं मत कुठे मिळालं असेल तर ते शाळेत, आणि मी ते दिलं. आता मीटिंगांना जाते. मागच्या मीटिंगला शाळेच्या मागच्या अंगणात वाफे करायचे की ते पैसे प्रिंटर-टोनरला ठेवायचे यावर दीड तास वाद झाला. एक आजी म्हणाल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी कोण घालणार ते आधी ठरवा, आणि मुद्दा बरोबर होता, जून ते ऑगस्ट शाळा बंद असते. शेवटी प्रत्येक कुटुंबाने एकेक आठवडा घ्यायचा असं ठरलं आणि यादी दारावर लावली. मी जुलैचा दुसरा आठवडा घेतलाय. एका वाफ्यात कापूस लावून बघू का असं विचारलंय, शिकागोच्या थंडीत बोंड धरेल की नाही याची मला शंका आहे, पण विज्ञानाच्या बाई म्हणाल्या कुंड्यांमध्ये एप्रिलपासून वर्गातच वाढवू आणि जूनमध्ये बाहेर काढू, मुलांना मोजमाप ठेवायला सांगू.